तंबू भाड्याने घेताना आधी त्याची शिवण उलटून बघा

थेट सांगते. तंबू घ्या, कॅरीमॅट घ्या, सॅक पाठीला लावून बघून मगच घ्या. स्लीपिंग बॅग आणि स्टोव्ह मात्र या दुकानातून घेऊ नका. एवढंच हवं असेल तर इथेच थांबलात तरी चालेल. ज्यांना सह्याद्रीत रतनवाडीहून कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, पाचनई करत हरिश्चंद्रगड गाठायचाय आणि घरात सामान म्हणून फक्त मुलांची जुनी दप्तरं आहेत, त्यांच्यासाठी पुढचं लिहितेय. मी, भाची आणि माझे दीर नाना डिसेंबरात याच वाटेने गेलो होतो.

दुकान नाशिकमधलं आहे. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी येणार आहेत आणि मालक माणूस म्हणून चांगला आहे. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, वर गच्ची. गच्चीवर कपड्यांच्या दोऱ्या बांधल्यात आणि त्यावर बारा महिने कुठले ना कुठले तंबू वाळत असतात. मला दुकान आवडलं ते या दोऱ्यांमुळे. त्याचं कारण सांगते.

मी शिवणकाम करते. ब्लाउज, पडदे, सोफ्याची कव्हरं, मागे एकदा टेम्पोची ताडपत्रीसुद्धा शिवलीय. कापडाची कुठलीही वस्तू हातात आली की मी आधी ती उलटी करते. तंबूचं बाहेरचं कव्हर पॉलिएस्टरचं असतं आणि आतल्या अंगाने त्याला पाणी अडवणारा पातळ लेप दिलेला असतो. ओला तंबू तसाच पिशवीत कोंबून महिनाभर ठेवला तर हा लेप सडतो. मग तो बोटाला चिकटतो, आंबूस वास मारतो आणि पापुद्रे धरून निघायला लागतो. वरून तंबू नवाकोरा दिसतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. भाड्याच्या तंबूत बघायची पहिली गोष्ट ही. कव्हर उलटं करा, तळहात फिरवा, नाक लावा. मालकाने काढून दिलेल्या पहिल्याच तंबूला तो वास होता. मी म्हटलं, हा नको. त्याने वाद न घालता तो बाजूला ठेवला आणि दुसरा काढला. दुसऱ्याचा लेप कोरडा, गुळगुळीत. फक्त एका कोपऱ्यात शिवणीवरची पट्टी वीतभर सुटलेली. सुईने पाडलेल्या भोकांतून पाणी आत येऊ नये म्हणून आतून ही पट्टी चिकटवतात. मी ती दाखवल्यावर तो म्हणाला, "ताई, हा मी पावसाळ्यात देतच नाही. डिसेंबरला काही होत नाही." खरं आहे, डिसेंबरात पाऊस नसतो. पण तेव्हाही तंबूत पाणी येतंच, फक्त वेगळ्या वाटेने. त्याबद्दल पुढे.

मालकाचा पहिला प्रश्न किती जण, किती दिवस हा नव्हता. "तंबू लावणार कुठं?" हा होता. मी सांगितलं, एक मुक्काम कुमशेतच्या खाचरात, एक गडावर. तो उठला आणि खुंट्यांच्या दोन पिशव्या टेबलावर ठेवल्या. एकीत तारेच्या साध्या वाकड्या खुंट्या, दुसरीत पन्हाळीसारख्या दुमडलेल्या जाड. "खाचराला साध्या चालतील. गडावर यातली एकही आत जाणार नाही, खाली कातळ आहे. तिथं दगड शोधा. म्हणून दोरी जास्तीची देतो." आणि प्रत्येक तंबूमागे दहा-बारा हात नायलॉनची दोरी दिली, वेगळे पैसे न घेता. महागड्या दुकानांतल्या काचेमागच्या मुलांनी मला डेनियर (धाग्याची जाडी) आणि मिलिमीटर (कापड किती पाणी अडवतं) भरपूर ऐकवले, पण कुठली जमीन आहे हे एकानेही विचारलं नव्हतं.

दुसरी चांगली सवय म्हणजे तो तुम्हाला गच्चीवर नेतो आणि तंबू लावायला लावतो. स्वतः हात लावत नाही, पाण्याच्या टाकीवर बसून बघतो. माझ्या भाचीला याचा कंटाळा आला होता, पण त्यातच आमच्या काठीचा दोष सापडला. या तंबूंच्या काठ्या फायबरग्लासच्या असतात. तुकडे एकमेकांत बसतात आणि आतून इलॅस्टिक गेलेलं असतं. एका तुकड्याचं तोंड फाटून पांढऱ्या कुसळांसारखे तंतू बाहेर आले होते. हात लावला की बोटात घुसतात, आणि कापडात अडकले तर ताणताना बाही फाटते (तंबूच्या काठीची खोळ हो, मी तिला बाहीच म्हणते). त्याने तो तुकडा तिथल्या तिथे बदलला. चेनही मी तपासली. तंबूची चेन नीट लागत नसेल तर बहुतेक वेळा दात गेलेले नसतात, रनर सैल झालेला असतो. पक्कडीने रनरच्या दोन्ही बाजू हलकेच दाबल्या की चेन पुन्हा धरते. त्याच्याकडे पक्कड होती, पण ही युक्ती त्याला ठाऊक नव्हती. आता आहे.

भाडं दोन माणसांच्या तंबूला दिवसाला तीनशे, अनामत तीन हजार. मॅट चाळीस, सॅक शंभर. निघायचा दिवस धरतात, परतीच्या दिवशी दुपारी बाराच्या आत आणलं तर तो धरत नाहीत. पिशवीवर वजन २.८ किलो छापलंय. त्याच्याकडे लटकवायचा काटा आहे, त्यावर जादा खुंट्या आणि दोरीसकट ३ किलो २०० ग्रॅम भरलं.

हा आकडा ऐकून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. बाजारात दीड किलोचे तंबू आहेत, किंमत पंचवीस-तीस हजारांच्या घरात. मी भाड्याच्या जड तंबूच्या बाजूची आहे, आणि त्यामागे गणित आहे. या वाटेवर पाठीवरचं सगळ्यात जड सामान पाणी असतं. दिवसाला माणशी चार लिटर धरा, म्हणजे चार किलो. दोघांत तंबू वाटून घेतला की माणशी येतात दीड-पावणेदोन किलो. मुक्काम पाण्याजवळ पडला तर वाचतं ते पाण्याचं वजन. तंबूवर हजारो रुपये ओतून जेवढं वाचतं, त्याच्यापेक्षा जास्त वजन नुसता मुक्काम नीट ठरवला तर वाचतं, आणि तेही फुकटात.

म्हणून आमचं नियोजन पाण्यापासून सुरू झालं. ते केलं माझ्या दिरांनी, नानांनी. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे नकाशा दिसला की त्यांना तहानभूक लागत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची शीटं त्यांनी छापून आणली: ४७ ई/१०, ४७ ई/११ आणि ४७ ई/१५. तीन का, तर रतनगड पहिल्या दोन शीटांच्या शिवेलगत आहे आणि पाचनई-हरिश्चंद्रगड पलीकडे तिसऱ्यात. तिन्ही शीटं सेलोटेपने जोडून डायनिंग टेबलावर आठवडाभर पसरली होती, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. त्या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमधे (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) उंचीचा फरक वीस मीटर. नानांनी भाचीला एक गोष्ट पक्की बजावली: वीस मीटरच्या आतला कडा या रेषांच्या मधे बसून जातो. कागदावर रेषा विरळ दिसल्या तरी समोर तीन माणसं उंचीचा कातळ उभा असू शकतो. तेव्हा मळलेली वाट सोडून नकाशावरून आडवं तोडायचं नाही.

वेळेचा हिशेब त्यांनी नेस्मिथच्या ठोकताळ्यावर केला. हा स्कॉटलंडचा गिर्यारोहक. त्याने १८९२ मध्ये मांडलं की ताशी तीन मैल चाल धरायची आणि दर दोन हजार फूट चढाला एक तास वाढवायचा. नानांनी त्यात सह्याद्रीसाठी निम्मी भर घातली. कारवीचं रान, घसारा, पाठीवर बारा-तेरा किलो, आणि "तुम्ही बायका फोटो काढणार" असं एक वेगळं कलम. उतरलेला आकडा जवळपास बरोबर निघाला. फोटो सगळ्यात जास्त नानांनीच काढले.

पाण्याचं चित्र डिसेंबरात असं. रतनवाडीला चिंता नाही. प्रवरा तिथेच उगम पावते, अमृतेश्वराचं देऊळ आहे, पुढे भंडारदऱ्याचा जलाशय. रतनगड करायचा असेल तर सामान गावात ठेवून मोकळ्या पाठीने शिड्या चढा आणि नेढ्यात (कातळातल्या आरपार भोकात) बसून वारा खाऊन खाली या. सॅक घेऊन त्या शिड्या म्हणजे उगाच हाल. कात्राबाईची वाट आधी रतनगडाच्याच वाटेने जाते, मग गडाकडे न वळता खिंडीकडे फुटते. सुरुवातीला ओढा ओलांडावा लागतो, तिथे बाटल्या गळ्यापर्यंत भरून घ्या. मधे भरवशाचं काही नाही, ते थेट पलीकडे कुमशेतला. कुमशेतनंतर मुळेच्या खोऱ्यातून पेठेची वाडी, मग पाचनई. गडावर टाकी आहेत, भरपूर आहेत. रतनवाडी ते कुमशेत हा टप्पा त्यामुळे सगळ्यात जड, आणि तो पहिल्या ताज्या दिवशी येतो हे बरं.

मुक्कामाबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं, कारण दुकानात भिंतीवर कड्याच्या टोकावर लावलेल्या तंबूचा मोठा फोटो आहे आणि पोरं तोच बघून सामान नेतात. हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, १९८६ पासून. मुक्कामाला परवानगी आहे का, कुठे आहे, हे निघण्याआधी वन विभागाला विचारायचं. शेकोटी तर अजिबात नाही. मालकाने हे स्वतःहून सांगितलं, फोटो मात्र उतरवलेला नाही. कोकणकड्याच्या (हरिश्चंद्रगडाचा पश्चिमेचा उभा कडा) काठाशी तंबू लावण्यात शौर्य काहीच नाही. खालून वर येणारा वारा तिथे रात्री तुमचा तंबू, मॅट आणि कधीकधी अक्कल सगळंच उचलून नेतो.

आता तंबू प्रत्यक्षात कसे वागले ते.

कुमशेतला आम्ही एका घरी विचारून त्यांच्या खाचरात तंबू लावले. भात कापून झालेलं, जमीन कडक आणि कोरडी, खुंट्या सुरेख बसल्या. अडचण धसकटांची. विळ्याने तिरपं कापलेलं भाताचं खोड सुईसारखं उभं असतं आणि तंबूचा तळ त्यावर अंथरला की भोक पडलंच. यासाठी दुकानदार तंबूखाली घालायला जाड अंथरूण देतो, तेही फुकट: वापरलेल्या फ्लेक्सचे तुकडे. आमच्या वाट्याला कुणा भाऊंच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या होत्या. भाऊंना पालथं घालून त्यावर झोपलो. फ्लेक्सला एकही भोक पडलं नाही. या दुकानातली सगळ्यात टिकाऊ वस्तू तीच असावी.

तंबू लावून होतोय तोवर घरातले बाबा काठी टेकत आले, बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हितं नका झोपू. वर बांधावं सरका, हितं गार बसंल." आम्ही दोघींनी खुंट्या उपटल्या आणि दोन खाचरं वर गेलो. नाना म्हणाले, सपाट जागा सोडून कोण जाईल, आणि तिथेच राहिले. सकाळी दोन्ही तंबू शेजारी ठेवून बघितले. आकाश निरभ्र असलं की रात्री तंबूचं वरचं कापड आपली ऊब आकाशाला देऊन टाकतं, आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतं, आणि आत झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ त्यावर आतून जमते. त्यात थंड हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत खालच्या खाचरात साचते. नानांच्या तंबूला आतून असं पाणी सुटलं होतं की चेन उघडताना त्यांच्या टकलावर सरी आल्या. आमचं कव्हरही ओलं होतं, पण थेंब गळत नव्हते. शिवणीची पट्टी सुटली काय किंवा न सुटली काय, या पाण्याला ती अडवू शकत नाही, कारण ते आतूनच येतं.

इथे तंबूची खरी उणीव सांगते. हा दोन थरांचा आहे, म्हणजे आत जाळी-कापडाची खोली आणि वर कव्हर. दोन्हींमधे चार बोटं अंतर राहिलं तर वरचं पाणी कव्हरवरून ओघळून खाली जातं, आतल्याला लागत नाही. पण या तंबूत पायाकडच्या बाजूला कव्हर ताणायला फक्त एक फास दिलाय, तोही मधोमध. त्यामुळे कोपऱ्यात झोळ पडतो, कव्हर आतल्या कापडाला टेकतं, आणि तुमच्या पायाची बाजू ओली. कोणत्याही शिंप्याने हा झोळ बघून सांगितलं असतं की इथे दोन फास हवेत. उपाय असा: जादा दोरीचा तुकडा घ्या, कव्हरच्या कोपऱ्यात आतून एक गुळगुळीत खडा धरा, बाहेरून कापडासकट त्याला दोरीची गाठ मारा आणि तिथून ताणा. कापड फाटत नाही, भोक पडत नाही. शिवाय वरच्या झडपा उघड्या ठेवा आणि दोन्ही दारांची चेन वरून वीतभर सोडा. थंडी वाजेल म्हणून सगळं बंद केलंत तर ओले व्हाल, आणि मग खरी थंडी वाजेल.

गडावर गेलो तेव्हा चौकीवर नावं लिहिली आणि सांगितलं तिथे, देवळापासून थोडं वर, तंबू लावले. मालक म्हणाला होता तसंच झालं. खुंटी चार बोटं आत जाते आणि टण्. दोन वाकल्या, मग नाद सोडला. फासाला दोरी बांधायची, दोरी एका चपट्या दगडाभोवती फिरवायची आणि त्या दगडावर दुसरा मोठा दगड ठेवायचा. थेट कापडावर दगड ठेवू नका, वाऱ्याने तंबू हलला की दगडाची धार तेवढीच जागा किसत बसते. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे ठेवली. मध्यरात्री वारा उठला तेव्हा काठ्या वाकून कापड भाचीच्या नाकापर्यंत आलं, पुन्हा वर गेलं, असं बराच वेळ चाललं. काठी मोडली नाही. स्वस्त फायबरग्लासला नावं ठेवतात, पण ते वाकतं चांगलं.

तुटलं ते वेगळंच. वाऱ्याकडच्या बाजूचा दोरी ओढायचा फास शिवणीतून उसवला. हेडटॉर्च लावून बघितलं तर कंपनीने तिथे एकच सरळ टीप मारलेली. जिथे सगळा ताण येतो तिथे! जीनच्या खिशाच्या कोपऱ्यालासुद्धा बारटॅक असतो, पुढे-मागे दाट टाक्यांचा. माझ्याकडे जाड सुई आणि मेणाचा दोरा होताच, तो मी प्रवासात नेहमी ठेवते. बाहेर वाऱ्यात बसून उलट टाक्याने दुहेरी शिवला. बोटं गारठली होती म्हणून टाके वाकडे आले, पण सकाळपर्यंत हलला नाही.

स्लीपिंग बॅगबद्दल. दुकानातल्या बॅगेवर ठळक ०° लिहिलंय आणि भाची त्यावर खूश. अशा बॅगांच्या पट्टीवर नीट बघितलं तर तीन आकडे असतात: आरामात झोप लागेल तो, कुडकुडत का होईना रात्र निभेल तो, आणि फक्त जीव वाचेल तो. ठळक छापतात तो बहुधा शेवटचा किंवा मधला. तुम्ही पहिला वाचा. त्यावर कडी म्हणजे या बॅगा दुकानात वर्षभर पिशवीत दाबून ठेवलेल्या. आतलं भरण हॉलोफायबरचं, म्हणजे उशीत भरतात तेच. ते फुगलेलं असेल तर हवा धरतं आणि ऊब राहते. महिनोन्‌महिने दाबलं की त्याचा जीव जातो. मी बॅग उघडून झटकली, दहा मिनिटं गच्चीवर टाकली, तरी ती चपटीच. शिवाय त्यात आधी कोण झोपलं होतं हा प्रश्न आहेच. "धुता का?" विचारल्यावर मालक म्हणाला, "ऊन देतो." मी स्वतःची घरची रजई गुंडाळून नेली आणि आत आईच्या जुन्या सुती नऊवारीची शिवलेली खोळ. जड झाली, मान्य, पण झोप लागली. भाची पहाटे साडेतीनला माझ्या रजईत होती.

स्टोव्ह तर दुकानाने बंदच करावा असं माझं मत. ते देतात तो लांबट डब्यावर चालणारा, आणि त्या डब्यात साधा ब्युटेन असतो. ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खाली उकळतो, त्यामुळे पहाटेच्या गारठ्यात डब्यातला दाब पडतो आणि ज्योत समईएवढी होते. आमचा चहा होईस्तोवर सूर्य वर आला. डबा रात्री कुशीत घेऊन झोपलं तर थोडा सुधारतो. स्क्रूवर बसणारे आयसोब्युटेन मिश्रणाचे डबे थंडीत बरे. त्यातही तक्रार ही की दुकानात अर्धवट वापरलेला डबा पूर्ण किमतीत देतात. डब्यावर आतल्या गॅसचं वजन छापलेलं असतं, काटा टेबलावर लटकतोय, तरी वजन करून देत नाहीत. वजन करून द्या असं सांगा. खरं तर या वाटेवर स्टोव्ह चहापुरताच लागतो. कुमशेतला, पाचनईला, गडावरही सांगितलं की भाकरी-पिठलं मिळतं, आणि ते पैसे गावातल्या घरात जातात.

सॅक बऱ्या आहेत. कमरेचा पट्टा जागेवर आहे का आणि त्याची बकल धरते का ते बघा. वजन खांद्यावर नाही, कमरेच्या हाडावर आलं पाहिजे. बायकांनी विशेष बघा, कारण बहुतेक सॅकची पाठ लांब आहे आणि पट्टा मांडीवर येतो. मला तिसरी बसली.

परतीला आम्ही टोलार खिंडीने खिरेश्वरला उतरलो. खिंडीत वाघाचं शिल्प आहे, ते बघायला थांबा. खुबी फाट्याला एसटी आळेफाट्यापर्यंत, तिथून नाशिकची गाडी. खुबी फाट्यावरून मालकाला फोन केला की आज दुकान बंद व्हायच्या आत पोचत नाही आणि तंबू ओले आहेत. तो म्हणाला, "ओला आज आणू नका. उद्या गच्चीवर वाळवा, परवा आणा. भाडं धरत नाही." आणि खरोखर नाही धरलं. म्हणून ते दुकान आणि त्या दोऱ्या मला पटल्या.

पण तंबू परत देताना त्याच्या मुलाने सगळं उलटंपालटं करून बघितलं, माझा शिवलेला फास त्याला सापडला आणि त्याने अनामतीतून दोनशे रुपये कापले. "फाटलंय ना, काकू." मी त्याला उरलेल्या तीन बाजूंचे कंपनीने शिवलेले फास दाखवले, माझा दाखवला, आणि म्हटलं, आता चारही ओढून बघ. त्याने ओढले. कंपनीचा एक तिथेच करकरला. वडिलांना फोन झाला, शंभर परत मिळाले. उरलेले शंभर का कापले हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मजुरी खरं तर मीच मागायला हवी होती.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा हवा असेल तर नोव्हेंबरातच नाव लिहून या, नंतर उरतात ते वासाचे. सकाळी अकराच्या आधी दुकान उघडत नाही, रविवारी संध्याकाळी सगळे एकदम सामान परत करायला येतात तेव्हा जाऊ नका. आणि हिरव्या पिशवीवर मार्करने ७ लिहिलेला तंबू हातात आला तर दुसरा मागा. त्याची चेन फक्त बाहेरून उघडते.